जेवणाच्या डब्यातली माती

"अहो, हा जेवणाचा डबा आहे, घमेलं नाही," मी म्हटलं.

आमचे हे हसले आणि डबा अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी उपडा केला. टेकडीवरची पिवळट, खडबडीत माती. लोक अंगणातले खडे वेचून बाहेर टाकतात. आमच्याकडे बाहेरून आणून टाकायचे. शेजारीण म्हणायची, यांना एकदा दाखवून आणा कुठेतरी.

हे जंगलात मातीच्या तपासणीसाठी खड्डे खणायचे. कुठल्या मातीत कुठलं झाड येतं ते साहेब बघणार, घाम यांचा.

झाड आमच्या लेकीच्या आवडीचं. बापाबरोबर टेकडीवर गेली, की त्याच्या पांढऱ्या फुलांखाली बसून राहायची. दुसरीत होती, तापाने गेली.

ती गेल्यावर यांनी टेकडीवरून आणलेली पहिली दोन रोपं आमच्या ओढ्याकाठच्या काळ्या मातीत मेली. मला पटेना. "एवढी सोन्यासारखी माती, आणि जगत कसं नाही?"

"टेकडीवर खायला नसतं, म्हणून दुसरं कुणी फिरकत नाही. हे थोडक्यात भागवतं, सावकाश वाढतं. इथे भरल्या ताटावर ओढ्याची झाडं धावत येतात आणि याच्या डोक्यावर बसतात."

मग यांनी कमरेइतका खड्डा खणून टेकडीची माती भरली. दर पावसाळ्यात ओढ्याचा गाळ येऊन बसायचा, तो काढून पुन्हा डबे सुरू. झाड वर्षाला बोटभर वाढायचं. मला राग यायचा आणि रडूही. लेक एव्हाना माझ्याहून उंच झाली असती.

यंदा यांच्या गुडघ्यांनी संप केला. कामही सुटलं. पावसानंतर गाळावर ओढ्याची रोपटी तरारली. हे ओट्यावरून बघत राहिले.

"जाऊ दे आता," म्हणाले.

हा माणूस कधी जाऊ दे म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मीच टेकडी चढले. धापा टाकत, बसत उठत. संध्याकाळी डबा यांच्यापुढे ठेवला. यांनी झाकण काढून माती चिमटीत घेतली.

"खडे नाही निवडलेस?"

"मला काय खुळी समजलात?"

हे सरकत झाडापाशी गेले, शेजारी मला जागा करून दिली. दोघांनी मिळून गाळ खरवडला, रोपटी उपटली, माती पसरली. उठताना मी झाडालाच धरलं. माझ्या छातीशी आलंय. मिठी मारली की तीही इथवरच यायची.

मी डबा घासून पालथा घातला. सकाळी लागणार होता.