बाभळीच्या मुठीची जीप

मी जीप बोलतेय. मुलुंडला सोसायटीत, पाण्याच्या टाकीशेजारी उभी असते ना, तीच. हिरवागार रंग, नवं कापडी हूड, सगळं चकाचक. येणारा-जाणारा माझ्याबरोबर फोटो काढतो आणि म्हणतो, "काय झकास गाडी आहे यार!" मला मात्र ते ऐकून रडू येतं. का, ते सांगते.

कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. मला माणसांत आणलं ते खंडू ड्रायव्हरनं. धरणाच्या कामावरच्या साहेबांना ने-आण करायचं आमचं काम. चिखलात चाकं रुतली की खंडू माझा छोटा गिअर ओढायचा, चारही चाकांना जोर यायचा आणि आम्ही सुटायचो. बाकीचे ड्रायव्हर चाकाखाली घालायला दगड शोधत बसायचे! एकदा त्या छोट्या गिअरची मूठ फुटली. खात्याकडून नवी येईपर्यंत कोण थांबतंय? खंडूनं बाभळीचं लाकूड तासून स्वतःच मूठ बसवली. वर्षानुवर्षं त्याचा अंगठा घासून तिला छान खळगा पडला. त्यात अंगठा ठेवून तो म्हणायचा, "चल गं बाय."

मी म्हातारी झाले, खात्यानं माझा लिलाव केला. घेतलं कुणी? खंडूनंच. पुढे तो निवृत्त होऊन मुलुंडला मुलाकडे राहायला आला, तोही मला घेऊनच. इथे उभी राहून मी गंजले, इंजिन बंद पडलं. मुलगा सम्यक कॉम्प्युटरवाला, सून संघमित्रा शाळेत शिकवते. घरात सगळे खंडूला आबा म्हणतात. मी आपली खंडूच म्हणते, आमचं नातं जुनं.

खंडूची एकच इच्छा होती. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत माझ्यावर बाबासाहेबांची तसबीर लावायची आणि मला स्वतः चालवायचं. "आयुष्यभर सायबांना फिरवलं," तो म्हणायचा, "आता एकदा बाबासायबांना फिरवतो."

सम्यकनं शब्द दिला. "आबा, दर रविवारी बसतो. हिला अशी करतो की कारखान्यातून आत्ता आली वाटेल."

आणि खरंच बसला हो पोरगा. नखांत ग्रीस, पाठीला रग. त्याच्या मायेबद्दल मी वाकडा शब्द काढणार नाही. एका रविवारी माझं इंजिन धडधडलं. केवढा आनंद! खंडू उलट्या चपला घालून जिन्यावरून खाली आला. "सरक, सम्या. एक चक्कर मारतो."

"थांबा ना आबा. पत्रा गंजलाय, रंग नाही. आपली गाडी अशी निघाली तर लोक हसतील."

"हसू दे की! चालतीय ना?"

"पूर्ण झाल्यावरच. शंभर टक्के ओरिजनल."

झालं! पुढच्या रविवारी माझं इंजिन पुन्हा खाली उतरलं. ती जयंती गेली. मग दिवे हवे तसे मिळेनात, ती जयंतीही गेली. हिरवा रंग दिला तर छटा चुकली म्हणून खरवडून काढला. संघमित्रा वरच्या खिडकीतून ओरडायची, "अरे, तुला गाडी पूर्ण करायचीय की आबांना चालवायला द्यायचीय? एक काय ते ठरव!" सम्यक म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की गं."

माझ्या तोंडात जीभ असती तर मीच ओरडले असते. चालतेय मी! काढा मला!

मधल्या काळात खंडू मडगार्डला धडकायला लागला. आधी सगळे हसले. मग डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही. संघमित्रा रोज थेंब घालायची, तरी कडेकडेनं अंधार आत सरकत गेला. सम्यक घाबरला आणि दुप्पट जोरानं कामाला लागला. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून त्यानं माझ्यासाठी नवं स्टिअरिंग आणलं, गिअरच्या काळ्या गुळगुळीत मुठी आणल्या. जुनं सगळं पोत्यात भरून भंगारवाल्याला दिलं. त्या पोत्यात बाभळीची मूठही गेली.

यंदा जयंतीच्या आदल्या दिवशी मी तयार झाले. सम्यकनं खंडूचा हात धरून त्याला माझ्या सीटवर बसवलं. आता त्याला दिसत काहीच नव्हतं. त्याचे हात स्टिअरिंगवरून फिरले, मग खाली आले, छोट्या गिअरवर. अंगठा काही तरी शोधत राहिला.

"सम्या, ही कुणाची गाडी रं?"

"आबा, आपलीच! तुमची जीप!"

"हां हां," खंडू म्हणाला. "छान केलीस." शेजाऱ्याच्या घराला म्हणतात ना, तसं म्हणाला. माझा जीव कासावीस झाला. ओळख पटवायला माझ्याजवळ त्याचं काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. निळे झेंडे, ढोल, पुढे तसबीर. सम्यक मला चालवत होता, खंडू त्याच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. कुणीतरी हाक मारली, "आबा, तुमचीच ना जीप?"

"न्हाय बाबा. पोराची हाय," खंडू म्हणाला.

सम्यकनं ते ऐकलं. त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही, पण त्याचा अंगठा छोट्या गिअरच्या गुळगुळीत मुठीवरून फिरला. मला जाणवलं ते.

नंतर तो भंगारवाल्याकडे जाऊन आला. मूठ कुठली मिळायला? आता रविवारी तो बाभळीचा तुकडा घेऊन माझ्या पायरीवर बसतो. तासतो, खळगा कोरतो, खंडूच्या हातात देतो. गेल्या रविवारी खंडूनं अंगठा ठेवून पाहिला आणि हळूच म्हणाला, "लाकूड झ्याक हाय. पर खळगा घासून पडतो, लेकरा. तासून न्हाई पडत."

माणसांनो, माझं एवढंच ऐका. तुमच्या दारात एखादी माझ्यासारखी असेल, गंजलेली, खडखडणारी, तर तिची रंगरंगोटी राहू द्या बाजूला. ज्याला बसायचंय त्याला आज बसवा. मी इथे उभी आहे, चकाचक, शंभर टक्के ओरिजनल. खंडू रोज माझ्या शेजारून काठी टेकत जातो आणि मी त्याच्यासाठी सोसायटीतली एक गाडी आहे.