रब्बी याकारांची हंडी

मी मटणाची हंडी बोलतेय. ऱ्हाइनकाठच्या या ज्यूंच्या गल्लीत आले त्याच दिवशी मला नियम ऐकवला गेला: मटणाच्या मातीच्या हंडीत दुधाचा थेंब पडला, तर हंडी फोडायची. का, ते विचारायचं नाही.

माझे मालक, गल्लीचे धर्मगुरू रब्बी याकार मात्र जन्मभर विचारतच राहिले. पोथ्यांमध्ये मोठे विद्वान, स्वयंपाकघरात मोठा उपद्रव. वाचता वाचता मला ढवळायचे, कधी पळीने, कधी लेखणीने. शाईच्या चवीचा रस्सा त्यांच्या शिष्यांनी किती वेळा निमूट गिळलाय.

शंका आली की गल्लीतल्या बायका आपापल्या हंड्या घेऊन त्यांच्याकडे यायच्या. थेंब केवढा होता, हे ते नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "घरात दुसरं काय शिजलंय?" काहीच नसलं, तर पोथ्या उपसून हंडी वाचवायची वाट शोधायचे. "मटण थेंबाच्या साठपट आहे ना? मग थेंब पडलाच नाही असं समजा. जेवा."

पंच मेशुलाम याला ढिलाई म्हणायचे.

रब्बी गेले. आता शिष्यांसाठी त्यांची लेक ब्रूना रांधते. बापाची सगळी विद्या तिला पाठ आहे. पण बाईने निवाडा द्यायचा नाही, हाही एक न विचारायचा नियम.

परवा शुक्रवारी सूर्य कलला होता. सूर्य बुडताच शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि मग चूल पेटवता येत नाही. नेमके तेव्हा मेशुलाम दोन पंचांना घेऊन हंड्यांच्या तपासणीला आले आणि माझ्यावर वाकून वास घेऊ लागले. नुकत्याच चापलेल्या दूध-लापशीचा एक थेंब त्यांच्या दाढीत लोंबत होता. तो टपकला. माझ्यात.

"दूध पडलं," मेशुलाम मागे सरत म्हणाले. "फोडा."

"कुणाचं, काका?" ब्रूनाने विचारलं.

"कुणाचं का असेना. फोड म्हटलं की फोडायचं, पोरी."

"घरात दुसरं काही शिजलेलं नाही. शिष्य उद्या संध्याकाळपर्यंत उपाशी राहतील."

"तुझ्या बापासारखं बोलू नकोस."

"त्यांच्यासारखंच बोलणार. मटण साठपटीहून जास्त आहे. हंडी फुटणार नाही." तिने माझ्यावर झाकण ठेवलं, फडताळातून कात्री काढली आणि मेशुलामांपुढे धरली. "दोष काढायचाच असेल, तर थेंब जिथून आला तिथून सुरुवात करा."

तिघांनीही आपापली दाढी मुठीत धरली. मी झाकणाखाली रटरटत राहिले.