सासूबाईंची वायर

माझ्या सासूबाईंनी चौतीस वर्षं लोकांचे कोट शिवले. शाळांचे गणवेश, नर्सांचे डगले, बँडवाल्यांचे सोनेरी पट्ट्यांचे अंगरखे, काय काय शिवलं. पण जीव कोटात. खडूची रेघ एकदा मारली की कात्री केसभर इकडेतिकडे जायची नाही. मागच्या वर्षी एका सकाळी हातातून इस्त्री सुटली आणि त्या “काही नाही, हाताला मुंग्या आल्यात,” म्हणत खाली बसल्या. मुंग्या नव्हत्या, पक्षाघाताचा झटका होता. वाचा परत आली, पाय परत आला, उजवा हात मात्र अर्ध्या वाटेवर थांबला. पेला धरायचा, पण पाणी सांडायचं. सुई तर धरायचाच नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना दोरीत लाकडी मणी ओवायला दिले. सासूबाईंनी ताट सरळ ढकललं. “चौतीस वर्षं सुई ओवली मी. मणी काय देताय?” त्या बाई वस्ताद होत्या. त्यांनी कोपऱ्यातला टीव्ही लावला आणि सासूबाईंच्या हातात गेमचा कंट्रोलर ठेवला. होड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. उजव्या अंगठ्याने होडी वळवायची, तर्जनीने वेग धरायचा.

शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ होते, बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले. त्यांचा डावा हात अधू. सासूबाईंनी पहिल्या वळणालाच होडी खडकावर घातली, तेव्हा ते, शिंप्याला हाक मारावी तसं, म्हणाले, “मास्तर, होडीला ब्रेक नसतो.”

“तुमच्या जिभेलाही दिसत नाही, क्रेनवाले,” सासूबाई म्हणाल्या.

इथून त्यांची खुन्नस सुरू झाली. तीन महिने, आठवड्यातून तीनदा. मी त्यांना न्यायला जायची तेव्हा दारातूनच त्यांचा आवाज ऐकू यायचा. आजारपणानंतर त्या एवढ्या मोठ्याने फक्त तिथेच बोलायच्या. मग व्यायामाचे ठरलेले दिवस संपले. घरी आल्यावर त्या खिडकीशी बसू लागल्या आणि मऊ चेंडू दाबण्याऐवजी नुसता मांडीवर ठेवू लागल्या.

आमची मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा तिचा गेम खेळायचा डबा टीव्हीखाली धूळ खात राहिला होता. एक दिवस क्रेनवाल्यांचा फोन आला. त्यांच्या भाचीने त्यांना तसाच डबा आणून दिला होता. “मास्तर, तुमचं मशीन घरातल्या नेटला जोडा. मग घरबसल्या हरवतो तुम्हाला.”

आता आमच्या घरातल्या नेटचा कारभार माझ्या नवऱ्याकडे. तो घरूनच ऑफिसचं काम करतो. गुरुवारी तेवढा प्रत्यक्ष जातो. घरातल्या बोळाच्या टोकाला त्याची खोली, खोलीत फळीवर राउटर. कुठलंही नवीन यंत्र त्याने यादीत घातल्याशिवाय चालत नाही. माझा नवा फोन दोन दिवस ताटकळला होता. पाहुण्यांनी पासवर्ड मागितला की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात.

जेवताना सासूबाईंनी विषय काढला.

“आई, ते राहू दे,” नवरा म्हणाला. “माझ्या मीटिंगा असतात. गेम चालू झाला की सगळं अडकतं.”

“तुझी मीटिंग नसेल तेव्हा खेळीन.”

“आणि अनोळखी माणसं असतात त्यावर. तुझ्या वयाच्या लोकांना बरोबर हेरतात. तो क्रेनवाला तरी कोण, कुठला? आपल्याला काय माहीत?”

“मला माहीत आहे. खेळात होडीचं तोंड सूर्याकडे असलं की त्याला डावीकडचं वळण दिसत नाही.”

“तुला यातलं कळत नाही, आई.”

त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. दवाखान्यात तीन दिवस तो खुर्चीवर बसून होता, आणि तेव्हापासून त्याची भीती काही उतरलेली नाही. घरात आईचं पाऊल जरा अडखळलं की तो बोळातून धावत येतो. पण “तुला कळत नाही” हे वाक्य त्या घरात तोवर कोणी सासूबाईंना ऐकवलं नव्हतं. त्यांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर बाजारात आल्या. मला वाटलं, औषधाच्या दुकानात जायचंय. त्या थेट कॉम्प्युटरच्या दुकानात शिरल्या. वायरीला पासवर्ड लागत नाही, असं त्यांना क्रेनवाल्यांनी सांगितलं होतं. “पंधरा मीटर नेटवर्कची केबल. चपटी. भिंतीला धरून जाईल अशी.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहून विचारलं, “कशाला हवीय?”

“मी मागतेय,” सासूबाई म्हणाल्या. “मला विचारा.” त्याने निमूट त्यांना विचारलं.

गुरुवारी नवरा गेल्यावर त्यांनी शिवणयंत्राचा खण उघडला. बोळातल्या भिंतीत जुन्या टेलिफोनच्या वायरीचं भोक होतं. त्यातून एक पातळ नळी त्याच्या खोलीत निघते. केबलच्या टोकाचं प्लास्टिकचं बूच त्यात जेमतेम मावत होतं, आणि बुचाची ती बारीक जीभ सारखी अडकत होती. मी म्हटलं, कापून टाकू या. त्यांनी डोळे वटारले. “जीभ कापली तर ती धरून राहील का?” त्यांनी बुचाला साटीनची चिंधी घट्ट गुंडाळली, वर दोन टाके मला घालायला लावले, आणि ज्या लांब बोथट सळईने त्या नेफ्यात नाडी ओवायच्या तिला ती चिंधी बांधली. मग डाव्या हाताने सळई ढकलत, उजव्याने केबल सैल सोडत, नेफ्यातून नाडी सरकावी तशी त्यांनी ती वायर भिंतीतून सरकवली. पलीकडे मी ओढून घेतली. तासभर लागला. त्यांच्या ओठावर घाम आला होता.

एक टोक राउटरला, दुसरं डब्याला. पडद्यावर आलं: केबल जोडली आहे. खाली दुसरी ओळ: इंटरनेट उपलब्ध नाही.

“यादी,” मी म्हटलं. “त्याच्या यादीत डब्याचं नाव नाही.”

संध्याकाळी नवऱ्याने वायर पाहिली. आरडाओरडा केला नाही. त्याने ती राउटरमधून काढली, भिंतीतून ओढून घेतली, सुबक गुंडाळी केली आणि शिवणयंत्रावर ठेवून दिली. “आई, हा हट्ट सोड गं,” एवढंच म्हणाला. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनाही लागलं असणार, कारण पुढचे सहा दिवस त्या एका शब्दाने त्या विषयावर बोलल्या नाहीत. चेंडू मात्र दाबत राहिल्या. जेवताना, फोनवर बोलताना, अगदी दात घासतानासुद्धा.

पुढच्या गुरुवारी नवरा गेल्यावर तासाभराने त्यांनी मला हाक मारली. “इकडे ये गं. मोजायला हवीस तू.”

वायर पुन्हा भिंतीत गेली होती. मी अंघोळ, धुणं उरकत होते तेवढ्यात, एकट्याने! आता त्या त्याच्या खोलीत राउटर मांडीवर घेऊन बसल्या होत्या, समोर एक जुनं बिल. तेव्हा मला कळलं. त्यांच्या शिवणाच्या दुकानात टेलिफोन होता, तीच जोडणी पुढे घरी आली आणि तिचंच इंटरनेट झालं. कागदोपत्री ग्राहक त्याच होत्या. त्यांनी कंपनीला फोनही करून ठेवला होता, आणि आता स्पीकरवर एक मुलगी बोलत होती.

“मॅडम, घरी टेक्निकल माहिती असलेलं दुसरं कोणी आहे का? मुलगा वगैरे?”

“आहे की. तो बाहेर गेलाय. काम माझं आहे, तुम्ही मला सांगा.”

मुलगी नीट सांगू लागली. मागे एक बारीक भोक आहे, त्यात टोकदार काहीतरी घालून आतलं बटण पूर्ण दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं. जुने सगळे पासवर्ड, याद्या पुसल्या जातील. मग खालच्या चिकटपट्टीवरचा पासवर्ड घालून पुन्हा सगळं मांडायचं.

“आई,” मी हळूच म्हटलं, “त्याचं कामाचं सगळं बंद पडेल.”

“त्याच्या कॉम्प्युटरला हात लावत नाही मी. हा दरवाजा आहे, आणि किल्ली त्याच्या एकट्याकडे का?”

मला त्या क्षणी नवऱ्याला फोन करता आला असता. फोन हातातच होता. मला माझे ते दोन दिवस आठवले, नवा फोन घेऊन त्याच्या दाराशी “झालं का?” विचारणारी मी. मी फोन पालथा ठेवला.

त्यांनी कॅनव्हासची जाड सुई घेतली. सुई बोचू नये म्हणून शिवताना घालतात ते अंगुस्तान अंगठ्यावर चढवलं, उजव्या अंगठ्यावर. सुई उलटी, नेढ्याच्या बाजूने भोकात घातली, म्हणजे टोक अंगुस्तानावर येतं आणि सटकत नाही. राउटर डाव्या हाताने धरला.

“मी दाबते ना,” मी म्हटलं.

“तू आकडे मोज.”

एक, दोन, तीन. हात थरथरायला लागला. चार, पाच. कोपरापर्यंत थरथर गेली. सहाला सुई निसटली आणि जमिनीवर टणकन पडली. फोनवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, नाही झालं. परत करावं लागेल.”

“करतेय. घाई आहे का तुम्हाला?”

“नाही मॅडम.”

दुसऱ्या वेळी त्यांनी कोपर मांडीवर घट्ट रोवलं आणि डोळे मिटले. मी मोजू लागले. सातला पलीकडून ती अनोळखी मुलगीही माझ्याबरोबर मोजायला लागली. आठ. नऊ. दहा. राउटरचे सगळे दिवे एकदम गेले आणि मग एकेक करून परत लागले.

सासूबाईंनी सुई बाहेर काढली. अंगठा लालबुंद झाला होता. “बघितलंस?” त्या हाताकडे बघत म्हणाल्या. मला म्हणाल्या की हाताला, ते कळलं नाही.

बाकीचं सोपं नव्हतं, पण झालं. मुलीने सांगितलेली अक्षरं मी टाइप केली, एकदा चुकले, पुन्हा केली. नवा पासवर्ड सासूबाईंनी निवडला आणि वहीत लिहिला, उजव्या हाताने, तिरक्यातिरक्या अक्षरात. दुपारी डब्याच्या पडद्यावर दोन्ही ओळींपुढे हिरवी खूण आली. त्यांनी क्रेनवाल्यांना फोन लावला. “या मैदानात.”

आणि त्या हरल्या. सरळसरळ, वाईट हरल्या. अंगठा सकाळच्या कामाने दमला होता आणि त्यांची होडी प्रत्येक वळणाला काठावर चढत होती. फोनच्या स्पीकरवर क्रेनवाले हसत होते. “मास्तर, पाण्यातून चालवा, शेतातून नको!” चार शर्यती, चारही हार. पण खिडकीशी बसणारी ती बाई त्या खोलीत कुठे नव्हती.

पाचवी चालू असताना नवरा आला. लवकर आला होता. दारात उभा राहून फोनकडे पाहत म्हणाला, “नेट का लागत नाहीये?” मग त्याची नजर वायरीवर गेली, टीव्हीवर गेली. तो तडक आपल्या खोलीत गेला आणि राउटर हातात घेऊन परत आला. मागच्या वायरी सुटून लोंबत होत्या. पडद्यावर होडी जागीच थिजली.

“काय केलंस हे? माझी सगळी सेटिंग्ज गेली! आई, कुणी सांगितलं तुला हे करायला?”

“कुणी कशाला सांगायला हवं?”

“मी काढून टाकणार आहे ही वायर. कायमची.”

सासूबाई उभ्या राहिल्या. कंट्रोलर उजव्या हातातच होता, सुटला नव्हता. “काढ,” त्या म्हणाल्या. “मी परत घालीन. पासवर्ड बदल, मी परत दाबीन दहा आकडे. राउटर कपाटात घाल, मी कुलूपवाल्याला बोलावीन. आता मला येतं ते. मी पडले होते, मेले नव्हते. तू मला त्या दिवसापासून काचेच्या कपाटात ठेवलंयस, आणि वर म्हणतोस कळत नाही. हा हात तुझ्या भीतीने बरा होणार नाही, बाबा. तो वापरूनच होईल.”

नवरा माझ्याकडे वळला. “आणि तू? तू इथेच होतीस?”

“मी मोजत होते,” मी म्हटलं.

तो राउटरच्या लोंबत्या वायरी मुठीत गोळा करू लागला. फोनवर, स्पीकर चालूच होता, क्रेनवाल्यांचा आवाज आला, “मास्तर? बुडालात की काय?”

“थांबा जरा,” सासूबाई म्हणाल्या. “घरात बोलणं चाललंय.”

नवऱ्याने राउटर नेऊन फळीवर ठेवला आणि वायरी परत जोडल्या. त्या रात्री तो जेवायला आला नाही, शुक्रवारी कामापुरतंच बोलला. आपलं काम त्याने फोनच्या नेटवर चालवलं, पण सासूबाईंकडे पासवर्ड मागितला नाही. त्याही अडून बसल्या. मागितल्याशिवाय देणार नाही म्हणाल्या. मी दोघांच्या मधे पडले नाही. शनिवारी सकाळी तो त्यांच्या खोलीच्या दाराशी गेला. आत न जाता त्याने दारावर टकटक केलं. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

“आई, मला ऑफिससाठी वेगळी लाइन करायची आहे. गेमचा त्रास माझ्या मीटिंगला होणार नाही अशी. पासवर्ड देतेस का?”

“वही यंत्रावर आहे. बघून घे.” तो वळला तशी म्हणाल्या, “आणि तिलाही दाखव सगळं कसं करतात ते. नुसतं करून देऊ नकोस.”

दुपारी आम्ही दोघं फळीपुढे खुर्च्या मांडून बसलो. त्याने दाखवलं, मी केलं. दोनदा तो घाईने माउस ओढायला गेला आणि दोनदा मी त्याचा हात बाजूला केला. काम संपल्यावर तो वायरीकडे बघून म्हणाला, “ही अशी भिंतीवर लोंबतेय, वाईट दिसते. पट्टी लावून झाकू या?”

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, होडीच्या घरघरीवरून.

“झाकायची नाही! दिसू दे येणाऱ्याजाणाऱ्याला. आणि जरा गप्प बसा रे दोघं, दुसऱ्या नंबरवर आहे मी.”