नाव कापलेलं वाक्य

नवऱ्याला माती देऊन पाचव्या दिवशी मंजुश्री क्लासमधल्या आपल्या खुर्चीत येऊन बसली, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मनिषा डोळे मोठे करून म्हणाली, "अगं बाई, तेरावं तरी होऊ द्यायचं!"

"आमच्यात सुतक नसतं," मंजुश्री म्हणाली आणि तिनं कॉम्प्युटर सुरू केला.

खरंच नसतं. लिंगायतांत मेलेल्या माणसाचा विटाळ धरत नाहीत. उमाशंकरला विभूती लावून उदगीरच्या मातीत बसवलं, स्वामींनी मंत्र म्हटले, आणि ज्याला त्याला आपापल्या कामाला जायची मुभा झाली. सोय चांगली आहे म्हणा. पण तेरा दिवस घरात बसवलेलं माणूस निदान भिंतीकडं बघून रडतं. मंजुश्रीला भिंतही मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं नाही. लातूरच्या कापडलाइनीत काम करणारा एकोणचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस सकाळी छातीत कळ आली म्हणून खाली बसला आणि उठला नाही, एवढं तिला माहीत होतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं तिला सगळंच झालं होतं.

मातीच्या दिवशी पार्वतीबाईंनी, म्हणजे तिच्या चुलत सासूनं, ते सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. "दगड हाय दगड. एक टिपूस न्हाई डोळ्यात."

त्यावर सासरे, महादेवप्पा, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, एवढंच म्हणाले, "रडंल. ज्याचं त्याला कळतंय."

सासू आधीच गेलेली. त्या घरात मंजुश्रीच्या बाजूनं बोलणारं आता हे एकच माणूस उरलं होतं. बाकी सगळं बधिर झालं तरी तिला एवढं पक्कं कळत होतं, की या माणसाच्या मनातून उतरायचं नाही.

क्लास इंग्रजीचा. तिचं काम रोज सकाळी नऊ वाजता, घरून निघण्याआधीच, क्लासच्या पेजवर एक जोडी टाकायची, लोक हमखास गोंधळतात अशा दोन शब्दांची. चालक आनंदराज सरांचा दंडक होता, "पुस्तकातलं उदाहरण नको. लोक ऑनलाइन जे लिहितात तेच उचला, नाव कापा, चुकीला लाल गोल करा, लावा." लोकांना दुसऱ्याची चूक बघायला फार आवडतं, हे सरांनी बरोबर ओळखलं होतं. म्हणून मंजुश्री दुकानांच्या जाहिराती, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, साखरपुड्याचे फोटो असं सगळं चाळायची. चूक दिसली की स्क्रीनशॉट घ्यायचा आणि बोटानं वरचं नाव कापायचं. चार वर्षांत तिच्या फोनमध्ये 'चुका' नावाची पेटी फुगून गेली होती. शिंप्याची नजर आधी शिवणीवर जाते, तशी तिची आधी स्पेलिंगवर जायची.

उमाशंकर गेला त्या दिवशी क्लासनं त्याचा फोटो टाकला. खाली दोनशेवर लोकांनी लिहिलं, त्यातलं निम्मं इंग्रजीत. आपल्याकडं दुःख दारात येऊन मराठीत करायचं असतं, पण फोनवर करायचं तर इंग्रजीशिवाय त्याला वजन येत नाही असा समज आहे. माती देऊन आल्यावर रात्री मंजुश्री खाटेवर बसून ते सगळं वरपासून खालपर्यंत सरकवत राहिली. वाचलं काहीच नाही. नुसत्या चुका दिसत गेल्या आणि बोट आपोआप चालत राहिलं. थांबली तेव्हा पेटीत एकतीस नवे स्क्रीनशॉट पडलेले होते, नावं कापून. नाव कापायला नाव वाचावं लागत नाही.

अकराव्या दिवशी, सोमवारी, जोडी होती ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइज. तिनं पेटी उघडली आणि बसणारं पहिलं वाक्य घेतलं, 'हू विल ॲडव्हाइस मी नाऊ.' लाल गोल केला. खाली लिहिलं, सल्ला म्हणायचं असेल तर सी, सल्ला देणं म्हणायचं असेल तर एस. नवाच्या ठोक्याला पोस्ट गेली.

साडेदहापर्यंत दीडशे हसरे चेहरे जमले. कुणी लिहिलं, याला कोणीच सल्ला देऊ नका. कुणी लिहिलं, आधी शाळेत पाठवा.

मनिषा आपल्या फोनवर ते वाचत होती. "हे बघ," ती म्हणाली, "एवढ्या टवाळांत एक शहाणा निघाला. 'थँक यू मॅडम, आय विल करेक्ट' म्हणतोय. उदगीरचं कापड दुकान आहे कुठलंसं."

मंजुश्रीनं तिच्या हातातून फोन घेतला. श्री बसवेश्वर वस्त्र भांडार. अप्पांचं दुकान. हे खातं उमाशंकरनंच दोन वर्षांपूर्वी त्यांना काढून दिलं होतं. तिनं उमाशंकरच्या फोटोखालची सगळी रांग पुन्हा उघडली आणि खाली खाली जात राहिली. वाक्य तिथं होतं, मातीच्या दिवशी संध्याकाळचं. त्याच्यावर अप्पांच्या दुकानाचं नाव होतं.

तिनं पोस्ट काढून टाकली. पाच मिनिटांत आनंदराज सर बाहेर आले. "का काढली? इतकी चांगली चालली होती."

"वाक्य घरचं होतं, सर."

 सरांनी आपल्या हातातला पाण्याचा ग्लास तिच्या टेबलावर ठेवला आणि ते आत गेले.

अप्पा बाराच्या गाडीनं येणार होते, हे कालच ठरलं होतं. मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागत होत्या. मंजुश्री अर्धा तास आधीच स्टँडवर जाऊन थांबली. काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती आणि काहीच जुळत नव्हतं. दगड म्हणणाऱ्यांचं खरं निघालं, असंच आता ते म्हणणार. म्हणायलाच पाहिजे, असं तिला वाटलं.

गाडी आली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, धोतर, हातात कापडी पिशवी, असे अप्पा सावकाश उतरले. अकरा दिवसांत माणूस वाळून गेला होता.

"अप्पा, चुकलं माझं," ती तिथंच म्हणाली. "मी नाव बघितलं न्हाई. वाक्यबी वाचलं न्हाई."

"चूक तर माझी व्हती की अव्वा," अप्पा म्हणाले; सुनेला ते लेकीसारखं अव्वाच म्हणायचे. "तू बरोबरच केलीस. चल, बसू आधी. पाय भरून आलेत."

कँटीनच्या बाकावर बसल्यावर त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. बोटाला थुंकी लावून पानं उलटली. मंजुश्री बघत राहिली. पानापानांवर तारखा होत्या आणि तारखेखाली तिनं टाकलेली जोडी, अप्पांच्या वेड्यावाकड्या अक्षरात.

"हे कधीपासून?"

"चार वर्सं झाली की. रोज नऊला शंकरचा फोन यायचा. आधी तुझं वाचून दाखवायचा, मी उतरून घ्यायचो. मग मी इचारायचो, कोन्ता माल भरू, कोन्ता नको. तो सांगंल तसं करायचं." अप्पांनी एक पान उलटलं. "सुनेची इद्या हाय अप्पा, वाया जाऊ देऊ नका, म्हनायचा. तुला बोलला न्हाई कधी?"

तिनं नकारार्थी मान हलवली. नऊ वाजता फोन घेऊन गॅलरीत जाणारा उमाशंकर तिला आठवला. धंद्याचं बोलत असेल, असं ती चार वर्षं समजत होती.

उमाशंकर गेला त्या तारखेपासून वही कोरी होती. दहा तारखा नुसत्या लिहिलेल्या, खाली काही नाही. मग आजची तारीख, आणि तिच्याखाली ते वाक्य.

"आज पयल्यांदाच माझं मी वाचून उतरवलं," अप्पा म्हणाले. "पन नीट कळलं न्हाई. सी कुठं आन् एस कुठं, एकदा समजावून सांग."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि शाळेतल्या पोरासारखे वाट बघत बसले.

शिकवायचं म्हटल्यावर मंजुश्रीचा आवाज सवयीनं सरळ झाला. "आधी वाक्याचा अर्थ बघायचा, अप्पा. चूक मागून. हू म्हणजे कोण. नाऊ म्हणजे आता. म्हणजे पूर्ण वाक्य झालं, आता मला..."

अकरा दिवस हे वाक्य तिच्या फोनमध्ये होतं. तिनं कापलं होतं, त्याला गोल केला होता, लोकांना दाखवलं होतं.

"आता मला सल्ला कोण देणार," ती म्हणाली. त्यामागून घशातून जे आलं ते तिला स्वतःचंच वाटलं नाही, इतकं मोठ्यानं आलं. कँटीनवाला कपबशी हातात धरून बघत राहिला. शेजारची बाई मुलाला घेऊन सरकून बसली. मंजुश्री वहीवर वाकून रडत होती आणि आजच्या तारखेची शाई पसरत होती.

अप्पांनी वही ओढून घेतली नाही. तिला गप्पही केलं नाही. त्यांचेही डोळे वाहत होते, पण हातातलं पेन त्यांनी तसंच उघडं धरलं होतं.

"सावकाश सांग, अव्वा," ते म्हणाले. "माझी गाडी चारची हाय."