खोकल्यासरशी भरणारी टाकी

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात, जिन्याखालच्या अडगळीत सध्या माझा मुक्काम आहे. एका बाजूला मोडक्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला फिनेलचे डबे. येणारेजाणारे मला पाणी तापवायचा बंब समजतात. राग येतो, पण सांगू कोणाला?

मला एका प्राध्यापकांनी आणि एका नळवाल्याने मिळून घडवले. देशादेशांमधले व्यवहार मुलांना डोळ्यांनी दिसावेत, ही प्राध्यापकांची हौस. त्यांनी काचेच्या टाक्या आणल्या, नळवाल्याने नळ्या जोडल्या आणि खाली एक छोटा पंप बसवला. परदेशात माल विकला की माझ्या उजव्या टाकीत पाणी येई, परदेशातून माल आणला की त्याच टाकीतून निघून जाई. ही टाकी म्हणजे देशाजवळची परकीय चलनाची गंगाजळी. तिच्यात एक चेंडू तरंगे, चेंडूला दोरा आणि दोऱ्याला सुई. ती सुई आपल्या चलनाचा भाव दाखवी. टाकीत पुरेसे पाणी आहे तोवर सुई जागच्या जागी, आणि पाणी तळाला गेले की ती कोसळायची. म्हणजे कोसळायला हवी होती.

पण पाणी संपले की पंप कोरडा फिरतो आणि जळतो. त्यावर प्राध्यापकांनी एक तोड काढली. टाकी उतरू लागली की ते खोकत, आणि माझ्यामागे पडद्याआड बसलेले शिपाईमामा हळूच मगभर पाणी ओतत. तास सुरळीत पार पडे. सरांना सर्दी झाली की मात्र वर्गात तळे साचायचे! पुढे थोरले सर निवृत्त झाले आणि त्यांचेच एक विद्यार्थी त्यांच्या जागी आले. त्यांनी गुरूंची खुर्ची घेतली, टिपणे घेतली आणि खोकलाही घेतला. खोकून खोकून इतकी वर्षे गेली की टाकी मामा भरतात हे ते विसरूनच गेले. त्या काळात माझे केवढे कौतुक होते! पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. सरही मोठे झाले, सरकारच्या सल्लागार समितीवर गेले.

एका वर्षी पहिल्या बाकावर एक किडकिडीत मुलगी येऊन बसू लागली. तिचे प्रश्न टोचत, म्हणून वर्गाने तिचे नाव टाचणी ठेवले होते. तिच्या वडिलांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. दर दोन-तीन दिवसांनी त्यांना डायलिसिसला नेऊन ती तशीच तासाला येई. बाकावर डोके टेकून डुलकी काढताना मी तिला कितीदा पाहिले आहे.

"सर, ही टाकी रिकामी झाली तर?" तिने एकदा विचारले.

सर खोकले. टाकी भरली. "बघ, होते का रिकामी?" वर्ग खो खो हसला.

त्याच वर्षी देशाचा माल बाहेर खपेनासा झाला. बाहेरून येणाऱ्या महागड्या गाड्या आणि अत्तरे मात्र थांबेनात. टाचणी रोज वर्तमानपत्रातले आकडे पाही आणि तिचा चेहरा उतरत जाई. शेवटी ती तासानंतर सरांपाशी थांबली.

"सर, औषधांपुरतं परकीय चलन आत्ताच बाजूला काढून ठेवा म्हणून समितीत सांगा ना. नंतर काही उरणार नाही. बाबांच्या डायलिसिसचं सगळं सामान बाहेरूनच येतं."

"अगं, गंगाजळी अशी आटत नसते," सर मायेने म्हणाले. "तू स्वतः पाहिलंस ना यंत्रावर?"

ते गेले आणि पडद्याआडून मामा बाहेर आले. त्यांच्या हातात मग होता. टाचणीने मगाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मामा, उद्या नका ना ओतू. परवा समितीची बैठक आहे. सरांना एकदा तरी दिसू दे."

"पोरी, पंप जळेल. आणि माझी नोकरी गं?" मामा म्हणाले. पण रात्रभर त्यांना झोप लागली नसावी, कारण सकाळी त्यांचे डोळे तांबारलेले होते.

दुसऱ्या दिवशी टाकी उतरू लागली. सर खोकले. पुन्हा खोकले. खोकून खोकून त्यांचा चेहरा लाल झाला, तरी मामा मग मांडीवर घेऊन बसूनच राहिले. पाणी तळाला गेले, सुई धाडकन खाली आली आणि माझ्या पंपातून जळका वास सुटला. मला वेदना झाल्या, पण मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी खरे बोललो होतो. टाचणी सरांकडे आशेने पाहत होती.

"यंत्र जुनं झालंय," सर रुमालाने तोंड पुसत म्हणाले. "बिघडलंय. उरलेलं फळ्यावर करू."

समितीत त्यांनी गंगाजळी पुरेशी असल्याचे सांगितले. काही आठवड्यांतच ती आटली आणि चलन कोसळले. रुग्णालयाने आधी डायलिसिसच्या पाळ्या कमी केल्या, मग डायलिसिस बंद असल्याची सूचना दारावर लावली. टाचणीचे वडील त्या पावसाळ्यातच गेले. मामांची बदली सायकल स्टँडवर झाली. मला जिन्याखाली ढकलले आणि माझ्या जागी संगणकाचा पडदा आला. त्यावर माझे चित्र चालते. त्यातली टाकी रिकामी होतच नाही, मामाही लागत नाहीत.

गुणपत्रिका न्यायला आली तेव्हा टाचणी मला शोधत जिन्याखाली आली. पहिला वर्ग मिळाला होता तिला. तो सांगायला घरी कोणी नव्हते. तिने आपल्या बाटलीतले पाणी माझ्या उजव्या टाकीत ओतले. चेंडू वर आला, सुई जागेवर आली.

"एवढंसंच बाजूला काढायला हवं होतं," ती मला म्हणाली, आणि बाटलीला झाकण लावून निघून गेली. ती परत कधी आली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे सांगून मी आता थांबायला हवे. पण माझी काळजी घेऊन काय उपयोग? पंप जळालेला आहे. तुम्हाला कोणी भरलेली टाकी दाखवली, तर मागे जाऊन पडदा तेवढा उचलून पाहा. तुम्ही पाहाल, अशी आशा मला फारशी नाही. पाहणाऱ्या मुलीचे काय झाले ते मी पाहिले आहे.

तिने ओतलेले पाणी रोज थोडे थोडे उडून जाते आहे, आणि सुई पुन्हा खाली येते आहे.