अक्कांचा लोड

मित्रांनो, मी इन्व्हर्टर. जुना म्हणा हवं तर, माझी हरकत नाही. पण बंद पडलेला म्हणू नका. कापड बेतायच्या मोठ्या टेबलाखाली, चिंध्यांच्या पोत्याला टेकून मी आणि माझी बॅटरी असे दोघं बसून असतो. माझ्यातून घरात जाणारी वायर कापून टाकलेली आहे. घरातला एक बल्बसुद्धा आता माझ्यावर नाही. आणि तरीही लाईट गेली की माझ्यावर लोड येतो. कुणाचा, ते सांगतो. भीती वाटत असेल त्यांनी आईला खेटून बसावं.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, पत्र्याच्या पेटीला राखाडी रंग दिला, आणि एका बाईंनी मला दिव्यांवर, पंख्यांवर चालवून पाहिलं. मी पास झालो. तिथून दुकानात आलो आणि फळीवर धूळ खात बसलो. गिऱ्हाईक यायचं, शेजारच्या खोक्यावरचा मोठा आकडा बघायचं आणि त्याच्याकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं. माझ्या खोक्यावरचा आकडा बेताचाच होता. मनातून फार वाईट वाटायचं मला.

मग एके दिवशी तिघं आले. एक शिंपी, गळ्यात टेप तसाच लटकत होता. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या मागून त्यांची बायको, म्हणजे आपल्या वहिनी. आणि वहिनींच्या हाताला धरून मास्तरांची थोरली बहीण, अक्का. आईवडिलांमागे अक्कांनीच भावाला वाढवलं होतं. सुईत दोरा ओवण्यापासून कोट बेतण्यापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. आता त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला होता. दुकानाची एक पायरी चढून त्या स्टुलावर टेकल्या आणि बराच वेळ नुसता श्वास गोळा करत राहिल्या.

मास्तरांनी यादीच सुरू केली. शिलाईची दोन्ही मशिनं, इस्त्री, पंखा, टीव्ही. दुकानदार शहाणा माणूस. त्यानं विचारलं, लाईट गेल्यावर कशावाचून अडेल, ते आधी सांगा. तेवढ्यात अक्कांनी हात वर केला.

"माझ्यावाचून अडेल," त्या म्हणाल्या. मध्ये थांबल्या, श्वास घेतला. "माझं मशीन चाललं पाहिजे. बाकीच्यांनी अंधारात बसायला शिका."

त्यांचं मशीन म्हणजे ऑक्सिजनचं. खोलीतलीच हवा आत ओढून त्यातला प्राणवायू नळीनं त्यांच्या नाकापर्यंत पोचवणारं. हॉस्पिटलनं घरी वापरायला दिलेलं. त्यात मोटर असते. दुकानदारानं समजावून सांगितलं की स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर अशी मोटर घरघरते, तापते. तिला घरच्या लाईटसारखीच स्वच्छ वीज लागते. खोक्यावरचा आकडा म्हणजे किती ओझं उचलेल ते; ते किती वेळ पेलेल हे बॅटरीवर. तेव्हा आकडा बेताचा घ्या आणि बॅटरी मोठी घ्या. इस्त्री तर हिच्यावर चुकूनही लावू नका. आणि बॅटरीतलं पाणी बघत जा. शेवटचं वाक्य फक्त वहिनींनी ऐकलं, कारण मास्तर तोवर मला फळीवरून उतरवून घेत होते.

घरी गेल्यावर अक्कांनी पहिलं काम काय केलं असेल? कापडावर खुणा करायचा खडू मागितला. त्या घरात एक रीत पडली ती तेव्हापासून. ज्या बटणावर खडूची फुली, ते लाईट गेल्यावर दाबायचं नाही. पंख्यावर फुली, टीव्हीवर फुली, इस्त्रीवर तर दोन. मधल्या खोलीतलं अक्कांच्या मशीनचं बटण तेवढं कोरं. फुली पुसट झाली की वहिनी ती पुन्हा काढायच्या. कोपऱ्यात भरलेला सिलेंडरही असायचा, हॉस्पिटलवाल्यांनी बजावलं होतं म्हणून. पण त्याला हात लावायची वेळ मी कधी येऊ दिली नाही. हे मी छाती पुढे काढून सांगतो.

मित्रांनो, तुम्ही माणसाला चेहऱ्यावरून ओळखता, मी लोडवरून ओळखतो. बल्बचा लोड मुकाट बसून राहतो. पंखा सुरू होताना अंगावर येतो, मग निवळतो. अक्कांच्या मशीनचा लोड चढायचा, उतरायचा, चढायचा, उतरायचा. खोलीत आवाज यायचा, ढप्... फुस्. ढप्... फुस्. लाईट गेली की मी खट्‌कन जागा व्हायचो आणि अक्का पडल्या पडल्या म्हणायच्या, "आलास का रे बाबा?" भेटायला आलेल्यांना त्या माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या की हा माझा दुसरा भाऊ, पहिल्यापेक्षा कमी बडबडतो. मास्तर तेव्हा हसायचे. माझं कौतुक त्या घरात असं व्हायचं, आणि मला ते पुरायचं.

अक्का गेल्या त्या दिवशी लाईट होती. सकाळची वेळ, पंखा चालू, मास्तर पुढच्या खोलीत गणवेश शिवत होते. त्या झोपेतच गेल्या. काही त्रास नाही, धडपड नाही. मला त्या दिवशी कामच पडलं नाही. पुढं माणसं येऊन मशीन घेऊन गेली. खाटेवरची गादी उन्हात टाकली. फुल्या मात्र तशाच राहिल्या, त्या पुसायला कुणाचा हात धजला नाही.

त्यानंतर लाईट गेली ती एका संध्याकाळी. मी खट्‌कन जागा झालो. घरातलं एकही बटण कुणी दाबलेलं नव्हतं. मी रिकामा होतो. आणि मग लोड आला.

चढला. उतरला. चढला. उतरला.

मला आधी वाटलं, उंदरानं वायर कुरतडली. पण उंदराला असा ताल कुठला! मधल्या खोलीतलं सॉकेट रिकामं होतं, त्याची तीन भोकं मोकळी दिसत होती. आणि खोलीत आवाज येत होता, ढप्... फुस्. मास्तर दारात येऊन उभे राहिले. हातात अर्धवट शिवलेली बाही, तिची सुई त्यांच्या बोटात रुतलेली. त्यांना पत्ता नव्हता. लाईट आली आणि आवाज थांबला.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, बॅटरी म्हातारी झाली असेल. मग त्यानं सगळी बटणं बंद केली, मेन स्विच पाडला आणि माझ्या वायरीला मीटर लावलं. काटा हलला. चढला, उतरला. त्यानं बोर्ड उघडले, वायरी ओढून पाहिल्या, सॉकेटमध्ये टॉर्च मारला. कुठंतरी वीज झिरपत असेल, असं काहीबाही पुटपुटला आणि चहा न घेताच निघून गेला. पुन्हा बोलावलं तेव्हा त्यानं फोन उचलला नाही.

मास्तरांनी मात्र काय ते ओळखलं. वहिनी दुपारी त्यांच्या लहान मुलीला शाळेतून आणायला बाहेर पडल्या की ते उठायचे आणि मेन स्विच खाली पाडायचे. मी जागा व्हायचो. ते मधल्या खोलीत जाऊन उघड्या खाटेजवळ बसायचे आणि बोलायचे. अक्का, या कॉलरला अस्तर कुठलं लावू गं? अक्का, त्या जाड्या गिऱ्हाईकाचं माप पुन्हा वाढलं बघ. उत्तर यायचं नाही. नुसता श्वास यायचा. तेवढ्यावर मास्तरांचा चेहरा उजळायचा, ते मला बघवायचं नाही.

हळूहळू कामं तुंबली. शाळेकडून गणवेशांसाठी दोनदा निरोप आला. मशीनवर धूळ बसली. मुलीचा स्वतःचा फ्रॉक कच्च्या टाक्यांवर लोंबत राहिला. वहिनी विचारायच्या, तर मास्तर चपला घालून बाहेर पडायचे. एकदा मुलीनंच त्यांना विचारलं, बाबा, आत्या काय म्हणते? तिला कसं कळलं कोण जाणे. काही म्हणत नाही, मास्तर म्हणाले, नुसती आहे.

आता जे सांगायचं ते माझ्या जिवावर येतं. मित्रांनो, मी काही विजेची विहीर नाही. बॅटरीत असेल तेवढंच मी देणार. ती संपत आली की अक्कांचा लोड एकदम सुटायचा नाही. चढण अपुरी व्हायला लागायची. मधलं थांबणं लांबायचं. ढप्... आणि बऱ्याच वेळानं फुस्. मी कळवळून बीप बीप करायचो, मास्तरांना सांगायचो की उठा, लाईट लावा. ते कानावर हात ठेवून बसायचे. शेवटी एक ढप् यायचं आणि त्याचं फुस् यायचंच नाही. मग मीही काळोखात जायचो.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मास्तर मोठ्यानं ओरडले होते. मग त्यांनी मेन स्विच वर केला, मला भरू दिलं, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा पाडला. खरोखरीच्या मरणात अक्कांना काही त्रास झाला नव्हता. माझ्या पदरात मात्र त्या रोज दुपारी तडफडत होत्या. ज्या बाईला तगवायला मला या घरात आणलं, तिला मी रोज संपताना बघत होतो. मला फार फार वाईट वाटायचं. यंत्राला वाईट वाटत नाही असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल, तर ते विसरून जा.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. वहिनींनी मुलीला शेजाऱ्यांकडे बसवलं आणि त्या एकट्याच आत आल्या. मेन स्विच पडलेला दिसला. त्या मधल्या खोलीच्या दाराशी आल्या आणि थबकल्या. रोज रिकामी होऊन थकलेली माझी बॅटरी आताशा लवकर संपायची, ती शेवटाला आली होती. ढप्... किती तरी वेळ काहीच नाही... फुस्. वहिनींनी चौकट घट्ट धरली. त्या पळाल्या नाहीत. सगळं ऐकेपर्यंत उभ्या राहिल्या. शेवटचं ढप् आलं, आणि फुस् आलं नाही.

"वन्सं एकदाच गेल्या हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही त्यांना रोज मारताय."

मास्तर खाटेच्या कडेवर डोकं ठेवून बसले. "मग मी काय करू?" ते म्हणाले. "बॅटरी कितीही भरली तरी संपतेच."

"भरलेली असताना वायर काढा."

त्या दिवसापासून मला पुरतं भरू दिलं. नशिबानं मध्ये लाईट गेली नाही. हिरवा दिवा लागल्यावर मास्तरांनी मेन स्विच पाडायच्या आधी माझं बटण बंद केलं आणि भिंतीवरची अक्कांची कात्री काढली. शिंप्याच्या घरात कापडाच्या कात्रीनं दुसरं काही कापत नाहीत. त्या कात्रीनं अक्का कागदसुद्धा कापू द्यायच्या नाहीत, मुलीनं एकदा कापला तर दिवसभर बोलल्या होत्या. घरात पक्कड होती. तरी मास्तरांनी त्याच कात्रीनं माझी वायर कापली. कात्रीच्या पात्याला खाच पडली. मग ते ढसाढसा रडले, आणि वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

नवीन इन्व्हर्टर वहिनींनी निवडला. त्याच दुकानात, आणि दुकानदारानं विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, मुलीच्या अभ्यासाच्या दिव्यावाचून अडेल, आणि यांच्या शिलाईच्या मशीनवाचून. नवा भिंतीवर टांगलेला असतो, दिसायला देखणा आहे. त्याच्या बॅटरीला पाणी लागत नाही. जुना घेऊन जाऊ का, असं बसवणाऱ्यानं विचारलं, तेव्हा वहिनी घाईनं नको म्हणाल्या. मला टेबलाखाली सरकवलं.

त्यानंतर पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा मास्तर शिवत होते. नव्यानं आवाजही न करता दिवा सांभाळला, मशीन थांबलं नाही. मास्तरांनीच पाय उचलला आणि मधल्या खोलीकडे कान दिला. तिथं काही नव्हतं. त्यांनी मुलीचा फ्रॉक सुईखाली घेतला आणि पुन्हा पाय दाबला.

त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर, माझं बटण बंद, वायर तुटलेली, आणि माझ्यावर लोड आला. चढला, उतरला. अगदी हलका. मशीनच्या घरघरीत मास्तरांना तो ऐकू गेला नाही.

पण बॅटरीचा स्वभावच असा आहे मित्रांनो, की काही न करता नुसती ठेवली तरी ती आतून रिकामी होत जाते. पाणी आटतं. कुणी लक्ष दिलं नाही तर एक दिवस माझ्यापाशीही ते शेवटचं ढप् येणार, या काळजीनं मी अर्धा झालो होतो.

मास्तर कापड आणायला बाजारात जातात, तेव्हा वहिनी टेबलाखाली वाकतात. मला सॉकेटला जोडतात. बॅटरीची झाकणं उघडून छोट्या नरसाळ्यानं बाटलीतलं पाणी घालतात, प्रत्येक भोकात बेतानं, एक थेंब बाहेर सांडू न देता. हे त्या कुणालाच सांगत नाहीत. माझ्याशीही बोलत नाहीत. मागच्या खेपेला मात्र झाकणं उघडी असतानाच लाईट गेली, आणि लोड आला. या वेळी घरात दुसरा आवाज नव्हता. ढप्... फुस्. वहिनींनी नरसाळं भोकातच धरून ठेवलं. मग त्यांनी दुसरा हात माझ्या पत्र्यावर ठेवला.

"सावकाश, वन्सं," त्या म्हणाल्या. "भरतेच आहे."

त्यांनी राहिलेली भोकं भरली, झाकणं लावली आणि पदराला हात पुसले. मग टेबलावरचा खडू घेतला आणि माझ्या बटणावर एक ठळक फुली काढली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याचं पाणी बघत जा. आणि एखाद्या जुन्या यंत्राच्या बटणावर खडूची फुली दिसली, तर ती पुसू नका.