पाण्यात ठेवलेला पहाडदेव

दर रविवारी दारव्ह्यात आभाच्या वडिलांच्या बियाण्याच्या दुकानामागे आम्ही चौघं खेळायला बसतो. हा खेळ बोलून खेळायचा. आभा एक काल्पनिक जग उभं करते, बाकीचे आपापलं पात्र होऊन काय करतो ते सांगतात, आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. माझं पात्र पहाडदेवाचा पुजारी. नियमांचं पुस्तक मी पुन्हापुन्हा वाचलं होतं, पण त्या तरुण पोरांत बसलं की तोंडच उघडत नसे. "मी प्रार्थना करतो," एवढंच म्हणायचो. आज पुजारी मेला तर पुन्हा यायचं नाही, असं ठरवूनच आलो होतो.

गावावर अग्निसर्प उतरला. मोनालीची तिरंदाज जखमी झाली, संघर्षच्या योद्ध्याची तलवार वितळली.

"काका, तुमचा देव काहून झोपून राह्यला?" संघर्ष म्हणाला.

मी प्रार्थना केली, फासा टाकला. एक आला.

"देवाने ऐकलं नाही," आभा म्हणाली. "सर्प तुमच्याकडे वळलाय. काय करता?"

"मी... देव पाण्यात ठेवतो."

"म्हणजे?"

"मूर्ती उचलून हौदात बुडवतो. गाव वाचेपर्यंत काढणार नाही."

मोनाली खो खो हसली. "माही आजी ठेवे तसे! मामाचं लग्न जमत नव्हतं तं."

"त्यानं देवाले काय फरक पडते?" संघर्ष म्हणाला.

"इथे पडतो." माझा आवाज चिरकला. "या जगात देव खरे आहेत आणि मूर्तीतच राहतात, हे आभानेच सांगितलंय. मग तो गुदमरेल."

आभाने नियम चाळले आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"फासा नको. हौदाचं पाणी उसळतंय. पहाडदेव वर येतोय, भिजलेला, भयंकर चिडलेला. काय म्हणतो तो? तुम्हीच बोला."

मी उभा राहिलो. "कोणापायी बुडवलं रे मला?" असा गरजलो की दुकानातून आभाचे वडील धावत आले. पहाडदेवाने सर्पाची शेपटी धरली आणि त्याला डोंगरापलीकडे भिरकावून दिलं.

संघर्ष टेबल बडवत सुटला. "अरे बापा, काय देव आहे! काका, त्याले आता पाण्यातच राहू द्या!"

"छे," मी म्हणालो. "पुसून, नैवेद्य दाखवून जागेवर बसवतो. पुढच्या रविवारी लागेल."